तेरा नंबरची ओव्हर

मंगळवार, १२ मार्च

प्रिय सिस्टर,

हा मायना वाचून तुझी भुवई वर जाणार. पण बेचाळीस वर्षांत तुला पत्र लिहायची वेळच आली नाही, त्यामुळे माझं घोडं मायन्यापाशीच अडलं. ‘प्रिय’च्या पुढे तुझं नाव लिहून पाहिलं, तर कुणा परक्या बाईला लिहितोय असं वाटायला लागलं. तीन महिने जिला सिस्टर सिस्टर म्हणत होतो तिच्याशीच लग्न केलं, म्हणून छापखान्यातल्या मंडळींनी मला काय कमी छळलं? तेव्हापासून सगळ्या गल्लीला मी सिस्टरांचे मिस्टर. तेव्हा सिस्टरच बरं.

तू जाऊन अकरा दिवस झाले. तू कामाला गेलीस त्या मदत-छावणीत फोन लागत नाही, पत्रं मंगळवारपर्यंत ऑफिसात दिली तर बुधवारी औषधांच्या गाडीबरोबर जातात, असं तुमच्या संस्थेच्या समन्वयक बाई म्हणाल्या. म्हणून आज लिहायला बसलोय.

तू ओट्यावर ठेवून गेलेला कागद माझ्यासमोर आहे. तुमच्यात ड्यूटी संपली की पुढच्या सिस्टरला ‘ओव्हर’ द्यायची असते, म्हणजे कोणत्या खाटेवर कोण, कुणाला काय द्यायचं, कुणावर नजर ठेवायची. तू मला ओव्हर देऊन गेलीस एवढं कळलं. पुढचं काही कळत नाही. कागदावर चारच ओळी आहेत:

शिंपी — उजवं पाऊल, ड्रेसिंग एक दिवसाआड.
वरच्या मजल्यावरच्या आजी — पाठ पाहणे. लाल दिसल्यास सुनेला सांगणे.
तेरा नंबर — बीपीची गोळी, सकाळी.
मला पत्र — एस.ओ.एस.

तेरा नंबर म्हणजे मीच, नाही का? जनरल वॉर्डात मोडका पाय टांगून पडलो होतो ती माझी खाट. पडल्यापडल्या शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचो, अख्खा वॉर्ड मागून म्हणायचा, आणि तू थर्मामीटर झटकत यायचीस. “तेरा नंबर, आवाज कमी. नाहीतर दुसरा पाय मी मोडीन.” त्या वाक्यावर मी जन्म काढला. पण आज, इतक्या वर्षांनी, कागदावर तेरा नंबर? हे लाडानं लिहिलंस, की तुझ्या लेखी मी अजून एक खाटच आहे?

शेवटच्या ओळीनं तर माझ्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस वर्षं क्रमिक पुस्तकांची मुद्रितं तपासली मी. सहावीच्या पुस्तकात बुडणाऱ्या जहाजाचा एक धडा होता. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं, की आसपासच्या जहाजांनी धावून यायचं. त्यातल्या एका रेघेचं टिंब झालं होतं, ते मीच पकडलं होतं. तेव्हा एस.ओ.एस. काय असतं ते मला कुणी शिकवायला नको. तू बुडते आहेस. मला पत्र लिहा, म्हणते आहेस. मग तोंडानं का बोलली नाहीस? दारात मी विचारलं, “या वयात?” तर तू फक्त “याच वयात” म्हणालीस आणि पायऱ्या उतरलीस.

मला तेच तर उमगत नाही. तू जायच्या आधीच्या रविवारी सभागृहात तुझा सत्कार झाला. अडतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीनंतर दर बुधवारी आपल्या पुढच्या खोलीत लागणारी रक्तदाब तपासायची रांग, पुराच्या वेळी शाळेत मांडलेला तुझा दवाखाना, सगळ्यावर लोक भरभरून बोलले. मी तर कविता वाचली. आठ रात्री जागून केली होती. ‘मेणबत्ती तू, वितळत गेलीस, उजेड दिधला जगा.’ पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. घरी येताना तू माझ्या चार पावलं पुढे चालत होतीस, आणि शुक्रवारी गेलीस. ‘दिधला’ खटकलं का?

असो. आता घाबरू नकोस. सकाळीच ऑफिसात जाऊन मी अर्ज दिला आहे: “माझ्या पत्नीने संकटाचा इशारा दिला आहे. तिला सन्मानाने परत आणावे.” बाईंनी तो दोनदा वाचला आणि लगेच कुणाला तरी बोलावलं. धीर धर.

तुझाच,
मिस्टर


मंगळवार, १९ मार्च
सकाळी

प्रिय सिस्टर,

तुझं उत्तर नाही. बाई म्हणतात, निरोप छावणीपर्यंत पोचलाय, तिथले डॉक्टर चौकशी करताहेत.

इकडची ओव्हर मी सांभाळतोय. शिंपी एक दिवसाआड येतो, खुर्चीवर पाय ठेवतो आणि तोंड सुरू करतो. “मिस्टर, पट्टी बांधताय की पार्सल? सिस्टर बांधायच्या तेव्हा पायाला पत्ता लागायचा नाही. तुमची पट्टी बसली की पाय मला विचारतो, कुठे पाठवताय?” तू दाखवलंस तसं आधी हात कोपरापर्यंत धुतो, जखम मधून बाहेर पुसत जातो, एकदा वापरलेला कापूस परत लावत नाही. सुरुवातीला नजर फिरवून करायचो. शिंपी म्हणाला, “इकडे बघा हो, मी कापतो तेव्हा कापडाकडे बघतो.” आता बघतो.

वरच्या आजींना दिसत नाही हे तुला माहीत आहेच. मी पाठीला हात लावला तर म्हणाल्या, “सिस्टर, आज हात गार कसे?”

सून म्हणाली, “अहो आई, हे सिस्टरांचे मिस्टर.”

“असू देत. हात गार आहेत.”

तू पेशंटला शिवायच्या आधी तळवे एकमेकांवर घासायचीस ते आठवलं. मला इतकी वर्षं वाटायचं, ती तुझी लकब आहे.

लेकीचा फोन आला होता. “बाबा, तुम्ही भांडलात का?” म्हटलं, छे, मी तर कविता केली. ती म्हणाली, “कुठली, मेणबत्तीची?” आणि हसायलाच लागली. यात हसण्यासारखं काय आहे ते तिनं सांगितलं नाही.

न्हाणीघरातल्या आरशाला तडा गेला आहे. हात लागला. आरसा तसाही जुनाच होता.

दुपारी

सकाळचं पत्र अर्धवट टाकून ड्रेसिंगचा गॉज आणायला औषधांच्या दुकानात गेलो होतो. गॉज कशासाठी हवा ते तिथल्या बाईंना दाखवायला तुझा कागद बरोबर नेला. त्यांनी तो वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “पत्रसुद्धा एस.ओ.एस.? सिस्टर म्हणजे सिस्टरच.”

मी म्हटलं, “अहो हसताय काय, ती संकटात आहे.”

“कोण?”

“ती. बुडतं जहाज, तीन टिंबं, तीन रेघा.”

बाईंनी मला स्टुलावर बसवलं. डोकेदुखीच्या गोळ्यांची एक चिठ्ठी काढून समोर धरली. “हे बघा काका, इथेही एस.ओ.एस. लिहिलंय. हे जहाज नाही. आमच्यात याचा अर्थ, गरज पडली तरच. दुखलं तर घ्या, नाहीतर घेऊ नका.”

सिस्टर, मी स्टुलावरून उठलोच नाही किती वेळ. मला पत्र, गरज पडली तरच. एवढंच लिहिलं होतंस तू. मुद्रितशोधक म्हणून माझी ख्याती होती, आणि तीन अक्षरं मला वाचता आली नाहीत.

आता मला दोन्ही बाजूंनी कळेनासं झालंय. तू बुडत नाहीस याचा आनंद व्हायला हवा. पण बुडत असतीस तर मी तुला हवा होतो ना? गेला आठवडाभर मी फार मजेत होतो गं. घाबरलो होतो, पण मजेत होतो.

आणि तो अर्ज ऑफिसात पडला आहे. उद्या जाऊन मागे घेतो. किंवा परवा.

मिस्टर


शुक्रवार, २२ मार्च

सिस्टर,

बुधवारी गेलो नाही. अंगात कसकस होती असं म्हण. काल गेलो तर बाईंनी तुझी चिठ्ठी हातात ठेवली, गाडीबरोबर आलेली. ड्यूटी संपल्यावर लिहायचीस तसंच अक्षर, उजवीकडे पळणारं.

“तुम्ही ऑफिसला हे काय लिहून बसलात? डॉक्टर मला बाजूला घेऊन विचारतात, बाई, इथे कुणी त्रास दिला का, घरी काही आहे का. अडुसष्टाव्या वर्षी मला घेताना यांनी आधीच दहा वेळा विचार केला होता. आता पुढच्या बुधवारच्या गाडीनं परत पाठवताहेत. अकरा बाळंतिणी आहेत इथे, सहा पोरांची वजनं रोज घ्यायची असतात. सत्कारात तुम्ही कविता नाही वाचलीत, मी जिवंत असताना श्रद्धांजली वाचलीत. मेणबत्ती संपते. मी कधी वितळले हो? मला कामाची मजा येते. ती माझी सगळी मजा तुम्ही त्याग करून टाकलीत.”

कागद संपला म्हणून तू थांबलीस, की बोलणं संपलं म्हणून, ते कळलं नाही.

काल दुपारपासून मी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट आठवतोय. हॉस्पिटलच्या फाटकाशी मी छत्री घेऊन उभा असायचो. तू बाहेर यायचीस. मी माझ्या मनात लिहायचो, थकली भागली, जगाच्या वेदना खांद्यावर घेऊन आली. आणि तू? तू येता येता सांगायला लागायचीस, “अहो, नऊ नंबरला आज लघवी झाली! आपोआप!” भर रस्त्यात, मोठ्यानं. शेजारून जाणारे वळून बघायचे. मी “हळू बोल” म्हणायचो. तुझा चेहरा तेव्हा कसा असायचा ते मी काल पहिल्यांदा आठवून पाहिलं. सहलीहून आलेल्या पोरीसारखा असायचा. पुराच्या वेळी शाळेतून बावीस दिवसांनी घरी आलीस तेव्हाही तसाच होता, आणि मी मात्र तुझे पाय गरम पाण्यात ठेवून तुझ्यावर दोन कडवी केली होती. त्यात ‘क्लांत’ शब्द होता. तू क्लांत नव्हतीसच बहुतेक. मला चौथीपासून तो शब्द कुठेतरी वापरायचा होता.

मग बेचाळीस वर्षं मी कुणावर कविता करत होतो?

समन्वयक बाईंनी एक फॉर्म दिला आहे. नवऱ्याची हरकत नाही असं मी मंगळवारपर्यंत लिहून दिलं, तर तू आणखी तीन महिने राहू शकतेस. नाही दिलं, तर गुरुवारी तू घरात. फॉर्म सदऱ्याच्या खिशात आहे. घडी करून ठेवलाय. काहीच न करणं इतकं सोपं मला कधी वाटलं नव्हतं.

हे पत्र तुझ्याकडे येईल, की तूच पत्राकडे येशील, काही सांगता येत नाही. म्हणून जास्त लिहीत नाही.

कोपराला पट्टी बांधली आहे. ती सरावासाठी. शिंपी म्हणतो छान जमली.

मि.


मंगळवार, २६ मार्च

सिस्टर,

काल शिंप्याची जखम पुसताना त्याला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. तो पाय न हलवता ऐकत होता, मग म्हणाला, “मिस्टर, सिस्टर आल्या तर माझा पाय सुखी होईल. पण त्यांचं तोंड बघायला तुम्ही थांबा, मी गावाला जातो.”

आज तो माझ्याबरोबर ऑफिसात आला. मी त्याला पायासाठी आधार देत होतो आणि तो मला, का ते पुढे येईलच. रस्त्यात एका माणसानं विचारलं, कोण कुणाला नेतंय? शिंपी म्हणाला, “अजून ठरलं नाही.”

फॉर्ममध्ये ‘नाही’तली ‘ही’ ऱ्हस्व होती. मी खिशातल्या लाल पेन्सिलीनं दीर्घ केली. समन्वयक बाई म्हणाल्या, “काका, ही परीक्षा नाही, फॉर्म आहे.” मग मी त्यांना जहाजाची गोष्ट सांगितली. त्या आधी हसल्या नाहीत, मग हसल्या, मग तोंडावर हात ठेवून उठून आत गेल्या आणि पाणी पिऊन आल्या. “म्हणजे सिस्टर तिथे बऱ्या आहेत?”

म्हटलं, “बऱ्या? तिला मजा येतेय.”

हे वाक्य म्हणायला मला फार वेळ लागला. ‘मजा’ हा शब्द तुझ्याबद्दल मी याआधी कधी वापरला असेन असं वाटत नाही. त्याला यमक जुळवायला बस म्हटलं तर ‘सजा’च आठवते.

फॉर्ममध्ये शेवटी एक छापील ओळ होती: “माझी प्रकृती ठीक असून मला पत्नीच्या मदतीची तातडीने गरज नाही.” मी सही केली. शिंपी शेजारी बसून छताकडे बघत होता. बाईंनी शिक्का मारला. उद्याची गाडी बाळंतिणींसाठी दूध पावडरीची खोकी घेऊन जाईल, येताना तुला आणणार नाही.

घरी आलो. तुझा कागद ओट्यावर होता तसाच आहे. आणि मला ती नवी पोर आठवली, तुझ्या हाताखाली आलेली, जिनं सकाळच्या सिस्टरला ओव्हर देताना एका पेशंटचा ताप सांगितला नव्हता, डॉक्टर रागावतील म्हणून. तू घरी येऊन जेवली नाहीस त्या दिवशी. म्हणालीस, “बाकी काही चुकलं तर मी माफ करते. ओव्हर देताना लपवायचं नाही. आपण लपवतो आणि पुढच्या ड्यूटीला पेशंट जातो.”

ऑफिसचा कागद ऑफिसला दिला. हा तुला देतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, चाल न लावता:

शिंपी — जखम होती लिंबाएवढी, आता सदऱ्याच्या बटणाएवढी. माप त्यानंच घेतलं आहे. कडा गुलाबी. बोटं गरम. बोलणं कमी होण्याची चिन्हं नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या आजी — पाठ स्वच्छ. एक जागा लाल झाली होती, सुनेला सांगितलं, दोन दिवसांत गेली. मला सिस्टर म्हणतात. मी ओ देतो. काल म्हणाल्या, “आज हात उबदार आहेत.”

तेरा नंबर — बीपीची गोळी मध्यंतरी चार दिवस विसरला, पुढे तीन दिवस दोन दोन घेतल्या, भरपाई म्हणून. चक्कर. दोनदा पडला. एकदा न्हाणीघरात, आरसा त्यातच फुटला. एकदा जिन्यात, कोपर खरचटलं, शिंप्यानं उचललं. पट्टी सरावासाठी नव्हती. औषधांच्या दुकानातल्या बाई रोज बीपी पाहतात, आता गोळी त्याच देतात आणि गिळेपर्यंत समोर उभं करतात. पाच दिवस चक्कर नाही. भूक आहे. झोप तुकड्यातुकड्यांनी. शिंपी सकाळी दार वाजवतो, उघडलं नाही तर शिव्या देतो. कविता बंद नाहीत, आवाज कमी आहे. मेणबत्तीची फाडली. सगळ्या फाडल्या नाहीत, काही तुझ्याबद्दल नव्हत्याच असं आता दिसतं, त्या ठेवल्या.

परत येणे — एस.ओ.एस.

ही शेवटची ओळ तुझ्या अर्थानं वाचायची की माझ्या, असं मला विचारू नकोस. दुपारपासून मी ती तपासतोय. दोन्ही अर्थांनी लावून पाहिली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मला चूक सापडत नाही.

तेरा नंबर